सेन्सर बदलायचा नाही

"सर, आम्ही पाचच होतो."

कडगावच्या संघाची कॅप्टन हे तिसऱ्यांदा सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. मुरगूडचं मैदान, डिसेंबरातली दुपार, जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची कबड्डीची फायनल. स्कोअर एकवीस-एकवीस आणि शेवटचं मिनिट. समोरच्या संघाची मुलगी चढाईला आली, बोनसची रेषा ओलांडून परत गेली आणि पंचांनी अंगठा वर करून बोनसचा गुण दिला.

बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच. पाच असताना मिळत नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि पंच होते माझे वडील, केरबा मोरबाळे. गडहिंग्लजच्या शाळेत तीस वर्षं खेळाचे शिक्षक, चाळीस वर्षं कबड्डीचे पंच. लोक म्हणायचे, मोरबाळे सरांनी शिट्टी मारली की भांडण संपलं.

आप्पा बोट पुढं करून मुली मोजायला लागले. एक, दोन, तीन. मी दोरीच्या बाहेर उभी होते. मोजता मोजता त्यांचं बोट एकाच मुलीवर दोनदा आलं, ते मला स्पष्ट दिसलं. त्यांना नाही दिसलं.

"सहा," आप्पा म्हणाले. "निर्णय झाला. खेळा."

दुसरा पंच जवळ येऊन कानात काहीतरी बोलला. आप्पांनी त्याला हातानंच दूर केलं. कडगावच्या मुली एका गुणानं हरल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला घरी न्या!"

सामना संपल्यावर आप्पा शाळेच्या भिंतीआड जाऊन ओकले. मी पाणी दिलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ऊन लागलं," ते म्हणाले.

डिसेंबरात. अंगात स्वेटर होता माझ्या.

संघटनेचे सचिव रेंदाळकर गाडीपर्यंत सोडायला आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, राग मानू नका. उत्तूरलाबी असंच झालं. टॉस दोनदा केला सरांनी. माझं नाव आठवेना त्यांना. वीस वर्षं ओळखतो आम्ही एकमेकांना." मग इकडं तिकडं बघत म्हणाले, "माणूस मानानं बाहेर पडलेला बरा."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी आणि आप्पा दोघंच. मी गडहिंग्लजच्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते. आप्पांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एसटीच्या पायऱ्या चढताना त्रास व्हायचा, म्हणून ऑक्टोबरात मी मालवणच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी पांढरी गाडी घेतली होती. आप्पा मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचे, कानाला मफलर गुंडाळून, दोन्ही काचा वर करून. मला बंद गाडीत गुदमरतं आणि जुन्या गाडीला पेट्रोलचा वास यायचा, म्हणून माझ्या बाजूची काच मी चार बोटं खाली ठेवायची. त्या दिवशी मुरगूडहून येताना आप्पा सगळा रस्ता झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी संघटनेला पत्र लिहिलं. माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. अक्षर नेहमीसारखं, मोत्यासारखं.

"कडगाव संघाचा पराभव केवळ माझ्या चुकीच्या निर्णयामुळे झाला. मैदानात पाच खेळाडू होते. मी सहा मोजले. संघातील मुलींची मी माफी मागतो. यापुढे पंच म्हणून काम करणार नाही."

"आप्पा, एवढं लगेच..."

"मग कधी? अजून एका संघाला हरवून?" ते उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. गुलाबाच्या अकरा कुंड्या होत्या. एकही चुकली नाही. मी खिडकीतून मोजत होते. कालपासून मला तशी सवयच लागली होती.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना मी गाठलं. त्यांनी आप्पांना बोलावून तासभर प्रश्न विचारले. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. आप्पा थेट दोनवर येऊन थांबले, एकदाही न अडखळता. डॉक्टर मला नंतर म्हणाले, "आज उत्तम आहेत. पण अशा आजारात चढउतार असतात. विसरण्याची सुरुवात असू शकते, मेंदूत गाठही असू शकते. कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, स्कॅन करून घ्या." गुरुवारी दुपारी एकची वेळ मिळाली.

गाडीचंही एक दुखणं चालू होतं. नोव्हेंबरात समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. गावातल्या गॅरेजवाल्यानं मशीन लावून बघितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणाला आणि नवा बसवला. दिवा आठ दिवस विझला, पुन्हा लागला. लिटरला सोळा जाणारी गाडी अकरावर आली. "पीस खराब निघाला असंल, दुसरा टाकू," तो म्हणाला. पण आप्पांचं चाललेलं असताना गाडीच्या दिव्याकडं कोण बघतंय? कोल्हापूरहून आल्यावर बघू, असं ठरवून मी गुरुवारी सकाळी नऊला निघाले.

थंडी मरणाची होती. संकेश्वर गेलं, निपाणी गेली. आप्पा मागं झोपलेले. त्या दिवशी माझंही डोकं जड झालं होतं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळं असेल असं वाटलं. कागलच्या अलीकडं चढावर गाडी आचके द्यायला लागली. पाय दाबला तरी उचलेना. रस्त्याकडेला पत्र्याची शेड दिसली, समोर दोन ट्रॅक्टर उभे. मी गाडी तिथं घातली.

साठीचा एक उंच माणूस हात पुसत बाहेर आला. पांढरी दाढी, खाकी शर्ट. यासीन शिकलगार. नाव शेडवरच लिहिलेलं होतं.

"मिस्त्री, सेन्सर बदलायचाय," मी काच खाली करून घाईघाईनं सांगितलं. "ऑक्सिजन सेन्सर. महिन्यापूर्वीच बदललाय, तो खराब निघालाय. किती वेळ लागेल? एक वाजता कोल्हापुरात दवाखान्यात पोचायचंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते मागच्या काचेतून आत बघत होते.

"हे कोण?"

"माझे वडील. झोपलेत."

"उठवा बघू."

"आप्पा," मी हाक मारली. "आप्पा, जरा उठा."

आप्पांनी डोळे अर्धे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही.

शिकलगारांनी मागचं दार ओढून उघडलं. "बाई, गाडी बंद करा. आधी ह्यांना भायेर काढा. उचला, तुमी पाय धरा!"

त्या आवाजानं मी घाबरले. काही न विचारता पाय धरले. दोघांनी मिळून आप्पांना शेडबाहेरच्या बाजेवर उघड्यावर आणलं. शिकलगारांनी मफलर सोडला, स्वेटरची बटणं काढली. वारा थंडगार होता. "थंडी वाजू दे," ते म्हणाले. "वारा लागू दे. हितनं हलवू नका."

दहा मिनिटांनी आप्पांनी पाणी मागितलं. तोवर शिकलगारांनी बॉनेट उघडलं होतं. त्यांनी मला हाक मारली आणि एक जाड ओलं फडकं हातात दिलं.

"मी गाडी चालू करतो. तुमी मागं जाऊन धुराच्या नळीवर हे दोन घटका दाबून धरा. तोंड बाजूला ठेवा."

मी धरलं. नळीचं तोंड चुलीच्या बुडासारखं काळं होतं. मागून धूर कोंडला तसा पुढून आवाज आला. सापानं फुत्कार टाकावा तसा, फस् फस् फस्. शिकलगारांनी लगेच गाडी बंद केली. बॅटरीच्या उजेडात मला दाखवलं. इंजिनातून निघणारी नळी जिथं जोडली होती, तिथं सांध्याभोवती काजळीचा पंखा उमटला होता.

"हितली गॅस्केट, सांधा बंद ठेवणारी पट्टी, फुटलीया. आणि हा बगा तुमचा सेन्सर, हिच्या फुडं. त्याचं काम एकच. धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला सांगायचं. आता ह्या फटीतनं भायेरची हवा आत शिरती. त्याला दिसतोय ऑक्सिजन लई. तो सांगतो, पेट्रोल कमी पडतंय, ओता. इंजिन ओततंय. म्हणून तुमचं ॲव्हरेज पडलं, म्हणून नळी काळी झाली. सेन्सर काय खोटं बोलत न्हाई. त्याच्याफुडं जे आलं, ते त्यानं सांगितलं."

"म्हणजे बदलायचा नाही?"

"काय म्हणून बदलायचा?" त्यांनी पान्यानं त्याच्यावर हलकेच टिचकी मारली. "नवा हाय, चांगला हाय."

मग ते गाडीखाली गेले. बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले ते सरळ मागच्या दाराकडं. मागची सीट उचलली, खालचं कार्पेट ओढून काढलं. पत्र्याला तळहाताएवढं भोक होतं. कडा गंजून पापड झाल्या होत्या आणि कार्पेटची आतली बाजू काळी होती.

"गाडी कुठली?"

"मालवणची."

"खारं वारं. सांध्यातनं निघालेला धूर बुडाखालनं सरकतोय आणि गाडी पळायला लागली की हितनं आत वडला जातोय." ते सीटकडं बघत म्हणाले, "मागं कायम हेच बसत्यात?"

"हो."

"काचा बंद करून?"

"थंडी असते ना."

"गाडीतनं उतारल्यावर डोकं धरत्यात? वकत्यात? बडबडत्यात कायतरी?"

मुरगूड. त्याच्या आधी उत्तूर. दोन्हीकडं तास-दीड तास या गाडीतून गेलो होतो आणि उतरल्या उतरल्या आप्पा मैदानात उभे राहिले होते. घरी गुलाब चुकत नव्हता. चालत गेलो त्या डॉक्टरांकडं शंभराचे दोन झाले होते.

दरवर्षी जुलैत मी नववीच्या फळ्यावर लिहायची, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. परीक्षेला हमखास येतं म्हणून खाली दोन रेघा ओढायची. आणि त्या ऑक्टोबरापासून मी माझ्या बापाला त्यात बसवून गावोगाव हिंडवत होते.

"मिस्त्री, तुम्हाला नुसतं बघून कसं कळलं?"

ते पाना फडक्यात गुंडाळत होते. "माझा थोरला भाऊ ट्रकवर हुता. सोलापूरच्या रस्त्याला, थंडीत, केबिन बंद करून इंजिन चालू ठेवून झोपला." मग म्हणाले, "तोंड असंच लाल हुतं. आमी म्हटलं, किती गाढ झोपलाय."

त्यांनी आम्हाला गाडीत बसू दिलं नाही. कोल्हापूरकडं निघालेली एक जीप हात करून थांबवली, आप्पांना पुढं खिडकीशी बसवलं आणि ड्रायव्हरला दम भरला, काच वर करायची नाही. मला म्हणाले, "मी मिस्त्री हाय, डॉक्टर न्हाई. पण तिथं गेल्या गेल्या पयलं हेच सांगा. मेंदूबिंदू मागनं."

मी तेच केलं. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझं बोलणं मध्येच थांबवून रक्त घ्यायला सांगितलं. दोघांचंही. आप्पांच्या रक्तात तो वायू एकोणीस टक्के निघाला, गाडीतून उतरून दीड तास झालेला असताना. माझ्या रक्तात सात. माझी काच चार बोटं खाली होती.

आप्पांना मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. मी शेजारी स्टुलावर बसले. भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. साडेतीनच्या सुमाराला आप्पांनी मास्क थोडा उचलला.

"आज वार कोणता?"

मी स्टूल पुढं ओढलं. "आप्पा, आज..."

"गुरुवार. मला ठाऊक आहे. तुला विचारतोय. तुझ्याही रक्तात आहे म्हणे."

मी हसले. हसता हसता रडायला कधी लागले ते मलाच कळलं नाही. सिस्टरनं आधी माझ्याकडं, मग आप्पांकडं बघितलं, त्यांचा मास्क नीट बसवला आणि म्हणाली, "आजोबा, बोलू नका."

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला. मेंदूचे डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून बराच वेळ बघत होते. तेवढ्यात मी किती देव आठवले ते सांगत नाही. शेवटी ते म्हणाले, "काही नाही. वयाच्या मानानं फार चांगला आहे. महिनाभर लक्ष ठेवा, या वायूचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो. पण मला काळजी वाटत नाही." आप्पांनी फिल्म मागून घेतली. स्वतः उजेडात धरली. समजत काहीच नव्हतं, पण निकालपत्र बघावं तसं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि व्यवस्थित पाकिटात घातली.

लॉजवर आल्यावर मी म्हटलं, "रेंदाळकरांना आजच फोन करते. तुमची चूक नव्हती हे सगळ्यांना कळायला हवं. ते पत्रही परत घेऊ."

"पत्र राहू दे," आप्पा म्हणाले.

"का पण?"

"त्या पोरींना काय सांगू? गाडीनं निकाल दिला म्हणून? शिट्टी माझ्या तोंडात होती, उजे. माफी मागितली ती बरोबरच मागितली." मग म्हणाले, "शेवटची ओळ तेवढी परत घेऊ."

ती परत घेतली. पण तशी सहज नाही. फेब्रुवारीत संघटनेनं नव्या पंचांची परीक्षा ठेवली होती. त्यात आप्पा वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसले, लेखी दिली, मैदानात प्रात्यक्षिक दिलं आणि पहिले आले. रेंदाळकरांनी पेढे आणले. पुढं सहा वर्षं आप्पा पंच होते. गुडघ्यानं थांबवलं तेव्हाच थांबले.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. आठ दिवसांनी आम्ही एसटीनं कागलला उतरून गाडी आणायला गेलो. शिकलगारांनी नवी गॅस्केट घातली होती, तळाला पत्रा जोडून घेतला होता, वर काळा थर मारला होता. परत ते ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मी नळीवर दाबलं. पुढून कसलाच आवाज आला नाही. त्यांनी मशीन लावून दाखवलं. पडद्यावर सेन्सरचा आकडा खालीवर, खालीवर होत होता.

"हा असा हलत राहिला पायजे. तोवर त्याला हात लावायचा न्हाई."

"मग बदलायचा कधी?" मी विचारलं. आता कुठल्याही गोष्टीवर सहज विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती.

"लाखभर किलोमीटर झालं, की नजर ठेवायची. ॲव्हरेज पडलं, दिवा लागला, की आधी सांधे बघायचं, वायरी बघायच्या. समदं नीट असून त्याचा आकडा एका जागी अडकून बसला, तर बदलायचा. दिवा लागला म्हणून न्हाई. दिवा म्हंजे नुसती हाक. कोण मारतंय, कशासाठी मारतंय, ते आपुन जाऊन बघायचं."

आप्पांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. शिकलगार म्हणाले, "सर, साठीला माणसाचं डोकं जातंय म्हणत्यात. तुमचं अजून हाय. जपा."

परतीला आप्पा पुढं बसले. गुडघा अवघडला तरी पुढंच. चारही काचा पूर्ण खाली होत्या. निपाणीच्या पुढं तंबाखूच्या शेतांवरून येणारा वारा कानात घोंघावत होता. दिवा विझलेला होता आणि गाडी चढावर कुरकुर न करता चालली होती. माझं लक्ष तरी सारखं त्यांच्याकडं जात होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "थंडी, वाजते, का? मफलर, देऊ, का?"

ते वळले.

"उजे, एक विचारू?"

"विचारा ना."

"इतके दिवस तू माझ्याशी अशी का बोलतीयास? मोठ्यानं, एक एक शब्द सुटा करून. बालवाडीतल्या पोराशी बोलावं तशी."

मी गाडी हळू केली. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी रोज त्यांच्याशी तसंच बोलत होते. जेवताना, औषध देताना, दार लावून घ्या सांगताना. आणि ते रोज ऐकून घेत होते.

"चुकलं, आप्पा."

"चुकलं नाही. तुला वाटलं, मी चाललो." त्यांनी समोर रस्त्याकडं बघितलं. "मलापण तसंच वाटत होतं. म्हणून बोललो नाही."

दोन मैलांवर रस्त्याकडेला चहाची टपरी दिसली. मी नेहमीच्या आवाजात, मुद्दाम थोडं हळूच विचारलं, "चहा घ्यायचा?"

"घेऊ की," आप्पा म्हणाले. "आणि भजी असली तर भजी."